एक तास आणि एक विश्वासाचं माणूस

परभणीहून गंगाखेडकडे निघालं की मधे पोखर्णी लागते. परभणी-परळी रेल्वेमार्गावरच्या स्थानकाचं नावच 'पोखर्णी नृसिंह'. नृसिंहाच्या मंदिरामुळे गावाचं नाव दूरवर माहीत आहे. दर्शनाला आलेला माणूस तासा-दोन तासांत परत फिरतो. गावातली तरुण मुलं मात्र तिथंच असतात. आज आपण देवदर्शन झाल्यावर थोडं थांबू आणि या मुलांकडे बघू.

दोन मुलं डोळ्यांसमोर आणा. दोघंही काल्पनिक आहेत, पण मराठवाड्यात राहणाऱ्या कुणालाही ती ओळखीची वाटतील.

पहिली सोळा वर्षांची मुलगी. दहावी चांगल्या गुणांनी झाली. कॉलेज परभणीला, जाणं-येणं एसटीनं. संध्याकाळची गाडी चुकली तर घरी येईपर्यंत अंधार पडतो आणि तोवर आईच्या जिवाला घोर. अशात एक सोयरीक आली. मुलाकडचे घाई करताहेत. घरात बोलणी पुढं सरकली आहेत, पण तिला कुणी काही विचारलेलं नाही. गेला महिनाभर ती गप्प गप्प आहे.

दुसरा एकवीस वर्षांचा मुलगा. पोलीस भरतीत दोनदा थोडक्यात हुकला. घरची तीन एकर कोरडवाहू जमीन, सोयाबीन आणि तूर. हातात मोबाइल. पैसे लावून खेळायच्या खेळात मित्रांकडून उसने घेतलेले पैसे गेले. घरात सांगितलेलं नाही. रात्री झोप लागत नाही, म्हणून आता मित्रांबरोबर थोडी थोडी पिऊ लागला आहे.

दोघांनाही ताप नाही, खोकला नाही. दवाखान्यात जाऊन सांगावं असं काहीच नाही. तरीही आरोग्याच्या भाषेत दोघंही धोक्यात आहेत. दोघांत एक गोष्ट सारखी आहे. आपल्या मनातलं ज्याच्याकडे बोलावं, जो ऐकून घेईल, लगेच ओरडणार नाही आणि गावभर सांगणार नाही, असं एकही मोठं माणूस त्यांच्याजवळ नाही. आजचा लेख या रिकाम्या जागेबद्दल आहे. ती भरता येते का, आणि भरली तर फरक पडतो का? यावर जगभरात बरंच संशोधन झालं आहे, आणि त्यातलं एक महत्त्वाचं काम आपल्याच मराठवाड्यात झालं आहे.

जिल्ह्याचा आकडा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. त्यात २० ते २४ वर्षं वयाच्या महिलांना त्यांचं लग्न कोणत्या वयात झालं ते विचारलं गेलं. परभणी जिल्ह्यात यातल्या ४८ टक्के जणींचं लग्न अठरा वर्षं पूर्ण होण्याआधी झालेलं होतं. राज्याचं प्रमाण २१.९ टक्के आणि देशाचं २३.३ टक्के. म्हणजे आपला जिल्हा राज्याच्या दुपटीहून पुढं आणि महाराष्ट्रात सगळ्यात वर.

या आकड्यामागे आई-बापाचा दुष्टपणा शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही. कारणं साधी आणि जुनी आहेत. दुष्काळाच्या वर्षी एक खाणारं तोंड कमी होतं. मुलीचं वय वाढलं की हुंडाही वाढतो. ऊसतोडीला जाणाऱ्या घरात वयात आलेली मुलगी मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा प्रश्न असतो. शिवाय ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता', आणि मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. लग्न झालं की हाताला काम मिळतं, असा हिशेब होतो.

पण शरीराचा हिशेब वेगळा असतो. सोळाव्या-सतराव्या वर्षी मुलीची स्वतःची वाढ चालू असते. त्यातच दिवस राहिले तर आई आणि बाळ दोघांनाही एकाच ताटातलं पुरवावं लागतं. महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी निम्म्याहून अधिक जणींच्या अंगात रक्त कमी आहे, हेही याच सर्वेक्षणातून दिसतं. या वयातल्या बाळंतपणात रक्तदाब वाढून झटके येणं, जंतुसंसर्ग होणं, बाळ कमी वजनाचं किंवा दिवस भरण्याआधी जन्मणं, याचा धोका विशीतल्या आईपेक्षा जास्त असतो.

मुलांच्या बाजूचं चित्र वेगळ्या आकड्यांत दिसतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या माहितीनुसार २०२२ मध्ये देशात १ लाख ७० हजार ९२४ आत्महत्या नोंदवल्या गेल्या. राज्यांमध्ये महाराष्ट्राची संख्या सर्वाधिक होती, २२ हजार ७४६. देशातल्या एकूण आत्महत्यांपैकी साधारण एक तृतीयांश १८ ते ३० या वयोगटातल्या होत्या. आपण 'शेतकरी आत्महत्या' म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर पन्नाशीचा माणूस येतो. त्याच घरातला विशीतला मुलगा आपल्या नजरेतून निसटतो.

या वयात धोका जास्त का?

मेंदूची वाढ शरीराबरोबर संपत नाही. मजा, बक्षीस आणि उत्सुकता यांना प्रतिसाद देणारा मेंदूचा भाग किशोरवयात जोमानं कामाला लागतो. थांब, विचार कर, पुढचं बघ असं सांगणारा कपाळामागचा भाग मात्र पंचविशीपर्यंत पक्का होत राहतो. गाडीचं इंजिन आधी बसवलं आणि ब्रेक मागाहून येणार, अशी ही अवस्था आहे.

अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग यासाठी बघण्यासारखा आहे. वेगवेगळ्या वयाच्या लोकांना संगणकावर गाडी चालवायचा खेळ दिला. सिग्नल पिवळा झाला की थांबायचं की दामटायची, हे ज्यानं त्यानं ठरवायचं. एकट्यानं खेळताना किशोरवयीन मुलं आणि मोठी माणसं यांच्यात फारसा फरक दिसला नाही. शेजारी मित्र बसले तेव्हा मात्र मुलांनी घेतलेला धोका बराच वाढला. मोठ्यांवर मित्रांच्या असण्याचा परिणाम झाला नाही. आपल्याकडे मोटारसायकलवर तिघं बसलेले दिसतात तेव्हा हेच घडत असतं. पोरगा एकटा असताना शहाणा असतो.

मानसिक आजारांची सुरुवातही याच वयात होते. सात लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून केलेल्या एका मोठ्या आढाव्यात असं दिसलं, की ज्यांना पुढं मानसिक आजार होतो त्यांच्यापैकी सुमारे एक तृतीयांश लोकांत तो चौदा वर्षांच्या आत आणि जवळपास निम्म्या लोकांत अठराच्या आत सुरू झालेला असतो. म्हणजे आधाराची गरज असते ते वय, आणि आपण 'अजून लहान आहे, कळत नाही' किंवा 'आता मोठा झाला, त्याचं तो बघेल' असं म्हणतो ते वय, एकच आहे.

भीती दाखवून काय होतं?

पोरं बिघडू नयेत म्हणून आपल्याकडे दोन उपाय हमखास होतात. एक म्हणजे धाक, दुसरा म्हणजे भाषण. वर्षातून एकदा शाळेत किंवा मंदिराच्या सभामंडपात कार्यक्रम घ्यायचा, पाहुण्यांनी तासभर व्यसनमुक्तीवर बोलायचं, शपथ घ्यायची, नारळ-शाल आणि फोटो. यात वाईट काही नाही. पण याचा उपयोग किती, हे तपासणारे लोक फार थोडे असतात.

धाकाचा उपाय अमेरिकेत नीट तपासला गेला. तिथं १९७० च्या दशकात वाट चुकू शकतील अशा मुलांना तुरुंगात नेऊन कैद्यांकडून दम द्यायचा उपक्रम सुरू झाला आणि गाजला. पुढं चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडून त्याची चाचणी झाली. एका गटाला तुरुंग दाखवला, दुसऱ्याला काहीच केलं नाही. अशा नऊ चाचण्या एकत्र पाहिल्यावर निष्कर्ष निघाला तो असा, की तुरुंग दाखवलेल्या मुलांनी नंतर जास्त गुन्हे केले. काहीच न करणं यापेक्षा बरं ठरलं असतं.

त्याच देशात आणखी एक गोष्ट लक्षात आली. फक्त 'उनाड' मुलं निवडून त्यांचा वेगळा गट केला, की ती एकमेकांकडूनच शिकतात. एकाच्या खोडीला बाकीचे हसतात आणि ती खोडी मोठी होते. म्हणून 'बिघडलेल्या पोरांचा वर्ग' असा काही करू नये. गटात सगळ्या तऱ्हेची मुलं असावीत आणि सोबत एक मोठं माणूस असावं.

मग उपयोगी काय पडतं?

हवाई बेटांमधल्या कवाई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ बाळांचा अभ्यास एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या दोन संशोधक बायकांनी हाती घेतला आणि तो चाळीस वर्षं चालवला. यातली काही मुलं गरिबी, घरातली भांडणं, आईबापाचं व्यसन किंवा मानसिक आजार अशा अनेक अडचणी एकत्र घेऊन वाढली. त्यांची वाट लागणार, असंच कुणीही म्हटलं असतं. पण त्यांच्यातली जवळजवळ एक तृतीयांश मुलं धडधाकट, कामाची, माया लावणारी माणसं झाली. या मुलांमध्ये सारखं काय होतं? अनेक गोष्टी होत्या, पण एक पुन्हा पुन्हा दिसली. आईबापाशिवाय किंवा आईबापांपैकी, निदान एका मोठ्या माणसानं त्यांना मनापासून धरून ठेवलेलं होतं. कुणाची आजी, कुणाची मावशी, कुणाचे शिक्षक, कुणाचा शेजारी.

असं माणूस नशिबानंच मिळतं, की ते जोडूनही देता येतं? अमेरिकेतल्या एका जुन्या संस्थेच्या उपक्रमात मुलांना 'मोठी ताई' किंवा 'मोठा दादा' जोडून दिला जातो. १० ते १६ वर्षं वयाच्या ९५९ मुलांवर त्याची चाचणी झाली आणि १९९५ मध्ये निष्कर्ष आले. दीड वर्षानं पाहिलं तेव्हा ताई-दादा मिळालेल्या मुलांमध्ये नशेचे पदार्थ सुरू करण्याचं प्रमाण ४६ टक्क्यांनी आणि दारू सुरू करण्याचं प्रमाण २७ टक्क्यांनी कमी होतं. ताई-दादा उपदेश करत नव्हते. महिन्यातून काही वेळा भेटायचं, खेळायचं, फिरायचं, बोलायचं, एवढंच.

पण याच उपक्रमाच्या पुढच्या अभ्यासातून एक इशाराही मिळाला. जे नातं वर्षभर किंवा जास्त टिकलं, त्याचा फायदा झाला. जे तीन महिन्यांच्या आत तुटलं, त्या मुलांचा स्वतःवरचा विश्वास उलट कमी झाला. उत्साहानं सुरू करून दिवाळीनंतर बंद पडणाऱ्या उपक्रमांनी याचा विचार करावा. ज्या पोराला घरातून-शाळेतून 'तू कामाचा नाहीस' असंच ऐकायला मिळालंय, त्याला आणखी एका माणसानं अर्ध्यात सोडणं महागात पडतं.

अमेरिकेचं आपल्याला काय, असं कुणी म्हणेल. म्हणून बिहारकडे बघू. नालंदा जिल्ह्यातल्या ७४ शाळांमध्ये 'सेहेर' नावाचा उपक्रम तपासला गेला. काही शाळांत तो शिक्षकांनी चालवला. काही शाळांत त्यासाठी एक साधा प्रशिक्षित तरुण किंवा तरुणी नेमली. हे लोक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधर असण्याचीही अट नव्हती. उरलेल्या शाळांत नेहमीचंच चालू राहिलं. २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जिथं वेगळं माणूस नेमलं तिथं शाळेतलं वातावरण सुधारलं, मुलांमधली उदासी, दादागिरी आणि हिंसा कमी झाली. शिक्षकांनी चालवलेल्या शाळांत मात्र नेहमीच्या शाळांपेक्षा फरक दिसला नाही. यात शिक्षकांचा दोष काढण्याचं कारण नाही. त्यांच्या डोक्यावर आधीच कामांचा डोंगर असतो. शिवाय जो माणूस गुण देतो आणि शिक्षा करतो, त्याच्यापाशी पोरं मन मोकळं कसं करतील?

पाचोडच्या मुलींचा तास

आता घराजवळ येऊ. पैठण तालुक्यातल्या पाचोड इथं डॉ. अशोक दयालचंद यांच्या पुढाकारानं उभी राहिलेली आरोग्य व्यवस्थापन संस्था अनेक वर्षं खेड्यांत काम करते आहे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी या संस्थेनं किशोरवयीन मुलींसाठी जीवनकौशल्यांचा वर्ग सुरू केला. शाळा सुटलेल्या, रानात कामाला जाणाऱ्या मुली हा त्यातला मुख्य गट होता.

वर्गाची रचना समजून घेण्यासारखी आहे. आठवड्यातले कामाचे पाच दिवस, संध्याकाळी रोज एक तास, असं वर्षभर. एकूण २२५ तास. शिकवायला शहरातून कुणी येत नव्हतं. गावातलीच, निदान सातवी शिकलेली बाई निवडायची, तिला प्रशिक्षण द्यायचं आणि तिनंच वर्ग घ्यायचा. विषय म्हणजे पाळी आणि शरीर, आहार, लहान बाळाची काळजी, बँक आणि पोस्टाचे व्यवहार, ग्रामपंचायत कशी चालते, आपलं म्हणणं घरात कसं मांडायचं. आखणी करताना आईबापांनाही विचारलं होतं. त्यामुळे 'आमच्या पोरींना काहीतरीच शिकवतात' अशी तक्रार उठायला वाव कमी राहिला.

परिणाम काय झाला? १९९७ ते २००१ या काळात उपक्रमाच्या गावांतलं मुलींच्या लग्नाचं मध्य वय सोळावरून सतरावर गेलं. अठराच्या आत होणाऱ्या लग्नांचं प्रमाण ८०.७ टक्क्यांवरून ६१.८ टक्क्यांवर आलं. ज्या गावांत वर्ग नव्हता तिथं असा लक्षणीय बदल दिसला नाही. गावं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय एकट्या वर्गाला देता येणार नाही, हे खरं. ६१.८ टक्के हाही काही समाधानाचा आकडा नाही. तरी लग्नाचं वय एक वर्षानं वाढणं ही छोटी गोष्ट समजू नका. कायद्याचा धाक आणि भिंतीवरच्या घोषणा असूनही जे वर्षानुवर्षं हललं नव्हतं, ते एका सातवी शिकलेल्या बाईच्या रोजच्या तासानं थोडं हललं.

मुली 'नाही' म्हणायला शिकल्या म्हणून हे झालं, असं सरळ समीकरण मांडण्यात अर्थ नाही. आपल्या घरांत सोळा वर्षांच्या मुलीनं एकटीनं नाही म्हटल्यानं लग्न थांबत नाही. पण जी मुलगी रोज संध्याकाळी चारचौघींबरोबर बसते, तिच्यावर गावातल्या एका बाईची नजर असते. घरात सोयरिकीचं बोलणं निघालं की ते त्या बाईला कळतं. ती आईशी पाण्याच्या टाकीवर बोलू शकते, बापाशी सरपंचांना बरोबर घेऊन बोलू शकते. मुलगी एकटी राहत नाही. संरक्षण म्हणतात ते हेच.

मुलांसाठी आणि मोठ्यांसाठीही असा अनुभव आपल्याजवळ आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' या उपक्रमात गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना मन मोडलेल्या माणसाला ओळखायला, धीर द्यायला आणि गरज पडल्यास डॉक्टरांपर्यंत न्यायला शिकवलं. उदासीचा आजार असलेल्यांपैकी आधी फक्त ४.३ टक्के लोक मदत घेत होते. दीड वर्षानं हे प्रमाण २७.२ टक्के झालं. कापसाच्या पट्ट्यातला हा भाग आपल्यासारखाच आहे.

गावात आधीच काय आहे?

हे सगळं वाचून वाटेल, की यासाठी मोठी संस्था हवी, निधी हवा. खरं म्हणजे कागदावर बरंचसं आधीच आहे. केंद्राचा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाला. १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी त्यात सहा विषय आहेत. आहार, प्रजनन आरोग्य, मानसिक आरोग्य, इजा आणि हिंसा, व्यसन, आणि मधुमेह-रक्तदाबासारखे आजार. गावातल्या मुलामुलींमधूनच 'साथिया' म्हणजे समवयस्क मित्र निवडायचे, आशा ताईंनी त्यांना सांभाळायचं, दर तीन महिन्यांनी किशोर आरोग्य दिवस घ्यायचा, अशी रचना आहे. महाराष्ट्रात सरकारी रुग्णालयांमधल्या किशोरवयीनांच्या दवाखान्याला 'मैत्री' असं नाव आहे.

याशिवाय गावात अंगणवाडी सेविका आहे. सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम बाल संरक्षण समिती असते. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे आणि खेड्यात त्याची जबाबदारी ग्रामसेवकांवर आहे. मुलींना शाळा-कॉलेजसाठी एसटीचा मोफत पास मिळतो. एक पालक गेलेल्या किंवा आधार हरवलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे.

सुटे भाग सगळे आहेत, त्यांना जोडणारं माणूस नाही. साथिया सोळा-सतरा वर्षांचा असतो. त्याच्याकडे एखाद्यानं 'मला जगावंसं वाटत नाही' म्हटलं तर त्यानं काय करायचं? आशा ताईंच्या पाठीवर लसीकरणापासून सर्वेक्षणापर्यंत पंचवीस कामं आहेत. समितीची बैठक कागदावर होते. म्हणून गरज आहे ती ठरलेल्या तासाची आणि तो तास पाळणाऱ्या माणसाची.

पोखर्णीएवढ्या कुठल्याही गावात हे असं सुरू करता येईल. शाळेची खोली किंवा ग्रामपंचायतीचा हॉल घ्या. मुलींसाठी एक ताई आणि मुलांसाठी एक दादा, दोघंही पंचवीस-तिशीच्या पुढचे, गावात राहणारे आणि गावात राहणारच असलेले. आठवड्यातून निदान तीन संध्याकाळी, ठरलेल्या वेळी, पाऊस असो की लगीनसराई. सुरुवात कबड्डी, कॅरम, भरतीची तयारी किंवा शिवणकाम अशा कशानंही होऊ द्या. पोरं खेळायला येतात आणि हळूहळू बोलायला लागतात. या दोघांना थोडं मानधन ग्रामपंचायतीनं द्यावं. फुकटचं काम पहिल्या सुगीत बंद पडतं.

काही नियम मात्र पहिल्या दिवसापासून पाळायचे. ऐकलेलं बाहेर जाणार नाही, पण जीवाला धोका असेल किंवा कुणी लहान मुलावर अत्याचार करत असेल तर मदत बोलावली जाईल, हे मुलांना आधीच सांगायचं. कुठल्याही मोठ्या माणसानं मुलाला किंवा मुलीला बंद खोलीत एकटं भेटायचं नाही. दार उघडं, दुसरं मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात. जात, पक्ष आणि भावकी दाराबाहेर. वर्ग कुणाच्या वाढदिवसाच्या बॅनरसाठी वापरायचा नाही.

मरणाचं बोलणं निघालं तर

ताई-दादांना सगळ्यात भीती वाटते ती याची. कुणी पोरगं अचानक गप्प झालं, जेवण-झोप बिघडली, आवडत्या वस्तू वाटून टाकायला लागलं, 'माझं ओझं झालंय' असं म्हणायला लागलं, तर थेट विचारावं, 'तुझ्या मनात जीव देण्याचा विचार येतो का?' विचारल्यानं असा विचार डोक्यात भरतो, हा गैरसमज आहे. संशोधनात तसं आढळलेलं नाही. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून सुटल्यासारखं वाटतं.

उत्तर 'हो' आलं तर तीन गोष्टी करायच्या. त्याला एकटं सोडायचं नाही. घरातली फवारणीची औषधं त्याच्या हाताशी राहणार नाहीत असं घरच्यांना सांगायचं, कारण असा तीव्र क्षण बहुधा ओसरतो आणि तो ओसरेपर्यंतचा वेळ मिळाला पाहिजे. आणि त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा 'टेलि-मानस'ला फोन करायचा. १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्री-अपरात्रीही चालतो आणि तिथं मराठीत बोलता येतं. ताई-दादानं स्वतः इलाज करायचा नाही. त्यांचं काम पुलाचं आहे, पोराला त्या टोकापर्यंत सोबत नेऊन सोडायचं.

त्या दोघांचं काय?

सुरुवातीची दोन मुलं आठवा. वर्ग सुरू झाला म्हणून सोळा वर्षांच्या मुलीची सोयरीक आपोआप मोडणार नाही आणि एकवीस वर्षांच्या मुलाचं कर्ज फिटणार नाही. पण तिच्या गप्प होण्याकडे पहिल्याच आठवड्यात ताईचं लक्ष जाईल. ताई तिच्या आईला विचारेल, 'एसटीचीच अडचण असेल तर गावातल्या चार मुली मिळून जातील, बघू या का?' हा प्रश्न पोलिसांनी मांडवात येऊन विचारण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे. मुलगा दादाला एक दिवस पैशांचं सांगेल, मग दोघं मिळून त्याच्या बापाशी बोलतील. बाप चिडेल, ओरडेल, पण पोरगा समोर असेल. तेवढं पुष्कळ आहे.

पोखर्णीच्या मंदिरात देवाच्या दाराशी माणसं आपलं गाऱ्हाणं सांगतात. पोरांना गाऱ्हाणं सांगायला गावात एक माणूसही असायला हवं.

हाताशी ठेवा

टेलि-मानस (मनाच्या त्रासासाठी, चोवीस तास मोफत): १४४१६

चाइल्डलाइन (बालविवाह, अत्याचार, हरवलेलं किंवा अडचणीतलं मूल): १०९८. फोन करणाऱ्याचं नाव गुप्त ठेवलं जातं.

तातडीची मदत: ११२

गावात: आशा ताई, अंगणवाडी सेविका, ग्रामसेवक आणि ग्राम बाल संरक्षण समिती. ग्रामसभेत एकदा विचारून बघा, की आपल्या समितीची शेवटची बैठक कधी झाली आणि त्या बैठकीला गावातलं एखादं तरुण पोर बोलावलं होतं का.